मदत हवी आहे: काचबिंदूच्या ऑपरेशननंतर आईच्या डोळ्याचा दाब फार उतरलाय

नमस्कार. आईच्या (वय ६८) उजव्या डोळ्याची ट्रॅबेक्युलेक्टॉमी (डोळ्यातलं पाणी झिरपून जायला नवी वाट करायचं ऑपरेशन) होऊन १२ दिवस झाले. तीन प्रकारचे थेंब घालूनही दाब २८ च्या खाली येत नव्हता. आता तो ५ आहे आणि नजर आधीपेक्षा धूसर झाली आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण उरलेलीच कमी झाली तर, या धास्तीने आई रात्र रात्र जागी असते.

डॉक्टर म्हणतात, नव्या वाटेने पाणी जरा जास्तच झिरपतंय, थोडं थांबू. वाकणं, जड उचलणं बंद आहे. ऑपरेशनमध्ये मायटोमायसिन हे औषध वापरलं होतं, त्यामुळे जखम सावकाश भरते म्हणे.

कुणाच्या घरी असा उतरलेला दाब आपोआप वर आला का? किती दिवसांनी? नजर पूर्ववत झाली का? की पुन्हा टाके घालावे लागले?

आणखी एक. नव्या वाटेने आलेलं पाणी पापणीखाली ज्या फुगीर जागेत जमतं, तिथे जंतुसंसर्गाचा धोका कित्येक वर्षांनीही असतो. लाली, दुखणं, चिकट स्राव दिसला तर त्याच दिवशी यायला सांगितलंय. पण डोळा आत्ताही लालच आहे. साधी लाली आणि धोक्याची लाली तुम्ही कशी ओळखलीत?

डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन लवकरच ठरवायचं आहे. तिथे ट्यूब (पाणी बाहेर काढणारी बारीक नळी) बसवून घेतलेल्यांचे अनुभव नक्की सांगा.