जवानाची अपंगत्व पेन्शन: आजार सेवेमुळे जडला हे शाबीत कोणी करायचं?

सिग्नलवाला: भरतीला धडधाकट म्हणून घेतलं, तेव्हाच्या मेडिकलमध्ये आजाराची एक ओळ नाही. घरी पाठवताना मात्र रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे सुटताना तपासणारं डॉक्टरांचं मंडळ, लिहितं, ‘आजार सेवेमुळे नाही, सेवेत वाढलाही नाही’. या पेन्शनच्या 1982च्या नियमांत पुराव्याचं ओझं जवानावर नव्हतंच. धरमवीर सिंग प्रकरणात (2013) सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावलं: भरतीवेळी नोंद नसेल तर आजार सेवेत जडला असं धरा, नाहीतर बोर्डाने कारणं द्यावीत.

मेडिकल_कॅटेगरी: अर्धीच गोष्ट. 2019च्या नरसिंह यादव निकालात त्याच न्यायालयाने स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराला हे गृहीतक डोळे झाकून लावलं नाही, कारण असा आजार भरतीच्या तपासणीत सापडतच नाही. शिवाय 2008चे नियम वाचा. सुटल्यावर 15 वर्षांनी दावा केला आणि तोवर कागद नियमानुसार नष्ट झाले असतील, तर ओझं दावेदारावरच. वाढलेल्या वजनाचा रक्तदाबही फौजेच्याच खात्यावर मांडायचा का?

सिग्नलवाला: मांडू नका, पण का नाही ते लिहा. ‘पीस स्टेशनला (सीमेपासून दूरच्या शांत ठाण्यावर) सुरू झाला’ एवढ्यावर भागत नाही. ताण काय फक्त बर्फातच असतो?

फाईल_नंबर: भांडा खुशाल. फाईल अडते ती कागदावर. दुखापत असेल तर आयएएफवाय-2006 हा इंज्युरी रिपोर्ट काढा आणि त्यात कमांडिंग ऑफिसरने ‘ड्यूटीवर’ लिहिलंय का ते पाहा. रजेवर स्वतःच्या कामाला जाताना मोटरसायकलवरून पडलात तर सेवेशी धागा जुळवणं महाकठीण, तिथे भरतीचं मेडिकल कामाला येत नाही. हृदयविकार असेल तर आधीच्या 14 दिवसांत कोणती ड्यूटी होती ते तपासतात. तो तपशील युनिटकडून तेव्हाच घ्या, नंतर पत्रांना उत्तरंसुद्धा येत नाहीत. एएफएमएसएफ-16, म्हणजे रिलीज मेडिकल बोर्डाचा अहवाल, याची प्रत मागा आणि अपंगत्वाच्या टक्क्यांचा रकाना आधी वाचा. बोर्डाने 20 लिहिले आणि सेवेशी संबंध मान्य झाला, तर सर्वोच्च न्यायालयाच्या राम अवतार निकालामुळे (2014) ते 50 धरून घेता येतात. पूर्ण अपंगत्वाला पगाराच्या 30 टक्के, म्हणजे इथे 15. सेवा पूर्ण करून सुटलेल्याला किमान 20 लागतात, 19 लिहिले की सगळंच अडतं. खरी मारामारी त्या एका टक्क्याची.

मेडिकल_कॅटेगरी: हे पटलं. फक्त एक भर: 21 सप्टेंबर 2023 नंतर सुटलेल्यांना नवे नियम लागतात, जुन्या निकालांची कात्रणं जशीच्या तशी जोडू नका.

फाईल_नंबर: आणि पहिलं अपील नकाराच्या पत्रापासून सहा महिन्यांत. पत्र हाती कधी पडलं ते पाकिटावरच्या शिक्क्यावरून दाखवावं लागतं, पाकीट फेकू नका.