मरळ म्हणजे नेमका कोणता मासा?

प्रश्न : एका अनुवादात 'स्नेकहेड'साठी 'सर्पमुखी मासा' असं वाचलं. 'मरळ' असताना हे कशाला? आणि मरळ म्हणजे चन्ना स्ट्रायाटा ही एकच जात ना?

— मरळच लिहावं. 'सर्पमुखी' वाचून डोळ्यांपुढे वाम येतो आणि घोटाळा होतो. या गटाचं जुनं शास्त्रीय नाव ऑफिओसेफॅलस, म्हणजे सापाच्या डोक्याचा. डोक्यावरचे मोठे, चपटे खवले पाहून ते पडलं. भारतातले इंग्रजी लिहिणारेसुद्धा 'मरेल' म्हणतात, मग आपणच का बिचकायचं?

— दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र 'नाही'. निदान दोन मोठ्या जातींना मरळ म्हणतात. स्ट्रायाटाच्या (नामकरण ब्लॉख, १७९३) अंगावर तिरपे पट्टे असतात. मारुलियसच्या (नामकरण हॅमिल्टन, १८२२) शेपटीच्या बुडाशी नारिंगी कडेचा, डोळ्यासारखा काळा ठिपका असतो. हॅमिल्टनने गंगेच्या खोऱ्यातले मासे नोंदवताना लोकांच्या तोंडची नावं उचलून त्यांना लॅटिन शेपूट लावलं. रोहिता, कटला ही तशीच. 'मारुलियस'ही त्याच पठडीतलं, मरळचं भावंड शोभेल असं.

— बंगालीतून अनुवाद करणाऱ्यांनी जपून. तिथे स्ट्रायाटा म्हणजे 'शोल', मारुलियस म्हणजे 'गजार'. दोन्हीला नुसतं मरळ म्हटलं तर कथेतला फरक पुसला जातो. 'पट्टेरी मरळ' आणि 'डोळ्याचा मरळ' चालेल का?

— 'डोळ्याचा' कानाला खटकतं. 'ठिपक्याचा' बरं.

— ठिपके याच गटातल्या पंक्टाटा जातीच्याही अंगावर असतात! त्यापेक्षा एकदा वर्णन द्यावं, पुढे मूळ नाव ठेवावं.

— तेलुगूत 'कोरमीनु', तोच तेलंगणाचा राज्यमासा. तमिळमध्ये 'विराल', मल्याळममध्ये 'वराल'. आणि मुद्रितशोधकांनो, एक काना जास्त पडला की मरळचा मराळ होतो, म्हणजे थेट राजहंस.

— आणखी एक. 'पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा तडफडला' ही उपमा मरळाच्या गोष्टीत वापरू नये. कल्ल्यांच्या वरच्या पोकळीतल्या अवयवाने तो हवा घेतो, ओलावा असला तर पाण्याबाहेर बराच वेळ तगतो. उलट जाळ्यात पाण्याखाली अडकला आणि वर येता आलं नाही, तर गुदमरून मरतो.