ओकायामा : कोराकुएन बाग आणि काळा किल्ला – पाहून आलेल्यांनी लिहा

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून बेतलंय, ती जपानमधल्या ओकायामा शहरातली कोराकुएन. पुण्यातली 10 एकरांची, मूळची सुमारे 33. जायचं कसं, आधी काय बघायचं, कुठे फसगत होते, तेवढं लिहा. प्रवासवर्णन नको.

रिकामाघडा : ओसाकाहून शिनकानसेनने (बुलेट ट्रेनने) पाऊण तास. सामान स्टेशनातल्या लॉकरमध्ये टाका, बागेत खडीच्या वाटा आहेत, चाकांची बॅग रुतते. स्टेशनच्या पूर्वेकडून हिगाशियामाची ट्राम, तिसरा थांबा शिरोशिता. मागून चढायचं, उतरताना पुढे पैसे. चूक इथे होते : त्याच रुळांवरून सेइकिबाशीची गाडीही सुटते आणि यानागावाला उजवीकडे वळते. त्यात बसलात तर यानागावालाच उतरा, पुढे एकच थांबा चालायचंय.

चहाटळ : क्रम सांगते. बाग 20 मार्च ते सप्टेंबरअखेर 7.30ला उघडते, एरवी 8ला. किल्ला 9ला. म्हणजे बाग आधी. उत्तरेच्या मुख्य दाराने आत, दक्षिण दाराने बाहेर, त्सुकिमी पूल ओलांडला की समोर किल्ला. परतीला तीच वाट तुडवावी लागत नाही. दोन्हींचं जोडतिकीट मिळतं, पहिल्याच खिडकीवर मागा. तिथे सुटं तिकीट काढलंत की संपलं.

पाणाडी : ही शेवाळाची, सावलीची बाग नव्हे. इथला सरदार इकेदा त्सुनामासा याने 1687 ला सुरू केली, 1700 ला पुरी झाली. मोकळी हिरवळ, भाताची खाचरं, चहाचा मळा. जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाने जीव जातो, टोपी हवीच. वेळ कमी असेल तर सगळी बाग पायाखाली घालू नका. युइशिनझान टेकडी फक्त 6 मीटर, पण तिथून रचना कळते. मग र्‍यूतेन : भिंती नसलेलं विसाव्याचं घर, मधोमध ओहोळ, त्यात 6 रंगीत दगड. 1945 च्या बॉम्बहल्ल्यातल्या आगीतून वाचलेल्या मोजक्या वास्तूंतलं हे एक. लोक फोटो काढून पुढे पळतात. कडेला बसा, ते घर बसण्यासाठीच आहे.

रिकामाघडा : फोटोवरून आठवलं. बागेतून किल्ला दक्षिणेला पडतो, त्यामुळे हिवाळ्यात दुपारी सूर्य समोर आणि काळा किल्ला नुसता डाग. सकाळीच उरका.

बुरूजबंद : किल्ल्याबद्दल स्पष्ट सांगतो. उकिता हिदेइए या सरदाराचा 1597 चा मूळ बुरूज 29 जून 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. आजचा 1966 चा, काँक्रीटचा. आत लिफ्ट आहे, वरच्या मजल्यांना मात्र जिना. जुनं लाकूडकाम बघायचं असेल तर आवारातला त्सुकिमी यागुरा हा छोटा बुरूज शोधा, तो खरा जुना. आत बहुतेक दिवशी सोडत नाहीत, पण बाहेरून फेरी मारा. बाहेरच्या काळ्या फळ्यांमुळे नाव ‘कावळ्याचा किल्ला’. शेजारच्या हिमेजीचा किल्ला तो ‘पांढरा बगळा’, शिनकानसेनने 20 मिनिटांवर. एका दिवसात दोन्ही होतात, पण मग हिमेजी सकाळी घ्या, तिथे रांग लागते.

चहाटळ : आणि इकडे 5च्या आत पोचा, त्यानंतर किल्ल्यात प्रवेश नाही.