शाखा गेली, आता पोस्टावरच भिस्त?

वर एकांनी लिहिलंय, "गावातली बँक बंद झाली तर काय बिघडलं, पोस्टात पैसे मिळतातच." अर्धंच बरोबर आहे. इथे ऑस्ट्रेलियात 'बँक ॲट पोस्ट' म्हणजे पोस्टाच्या काउंटरवर बँकेचे व्यवहार करायची सोय आहे; तिथे पैसे भरता-काढता येतात, पण खातं उघडणं किंवा कर्जाचं बोलणं होत नाही. आमच्या गावात पोस्टाचं एकच काउंटर. पार्सलवाले मागे खेटून उभे असतात आणि कमी ऐकू येणाऱ्या आजींना रक्कम मोठ्याने सांगावी लागते. हे माझ्या मनाला फार लागतं.

देशातल्या चार मोठ्या बँकांनी ३१ जुलै २०२७ पर्यंत ग्रामीण शाखा बंद न करण्याचं कबूल केलंय, पण आधीच गेलेल्या शाखांचं काय? २०२४ मध्ये संसदेच्या सिनेट समितीने सरकारी बँकेची शक्यता तपासायला सुचवलं होतं. ते मला पटतं. व्हिक्टोरियातल्या रुपान्यप आणि मिनयिप या छोट्या गावांनी तर १९९८ मध्ये बेंडिगो बँकेबरोबर स्वतःच्या कम्युनिटी बँका, म्हणजे गावकऱ्यांनीच चालवलेल्या शाखा, उभ्या केल्या.

आणि हो, चुकीचं शुल्क कापलं असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. दाद लागली नाही तर आफ्काकडे (AFCA, बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारी स्वतंत्र संस्था) जा, ग्राहकाला एक पैसाही पडत नाही.