नाकामिची बीएक्स-३०० : विकतच्या कॅसेटी दबलेल्या, तंबोरा हलतो

खर्जप्रेमी
माझ्या या कॅसेट डेकच्या आयडलरचं (रिळं फिरवणाऱ्या चाकाचं) रबर नवीन, हेड साफ. याच डेकवर क्रोम टेपवर केलेलं रेकॉर्डिंग स्वच्छ वाजतं. शास्त्रीय संगीताच्या विकतच्या जुन्या कॅसेटी मात्र दबलेल्या येतात, डॉल्बी बी (टेपची खरखर कमी करणारी सोय) लावला की आणखीच. शिवाय तंबोऱ्याचा सूर सेकंदाला साधारण एकदा हलतो. कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायच्या आहेत. हेडचा ॲझिमथ (टेपशी असलेला कोन) ठरवणारा स्क्रू फिरवू का?

लोहकण
आधी इक्यूचं (वाजवताना ट्रेबल, म्हणजे वरचे उंच सूर, किती द्यायचे ते ठरवणारं) बटण बघा. नाकामिचीच्या बऱ्याच डेकवर ते टेपच्या प्रकाराच्या बटणापासून वेगळं असतं. त्यावर ७० आणि १२० मायक्रोसेकंद अशा दोन जागा असतात. क्रोमवर रेकॉर्डिंग करताना ७० वर ठेवलेलं तसंच राहतं. आपल्याकडच्या विकतच्या कॅसेटी बहुतेक साध्या फेरिक (लोहाच्या ऑक्साइडच्या), म्हणजे १२०. त्या ७० वर वाजवल्या की ट्रेबलमध्ये साडेचार डेसिबलच्या वर घट होते. (विकतच्या क्रोम कॅसेटीसुद्धा पुष्कळदा १२० वरच भरलेल्या असतात, तेव्हा लेबल वाचून ठरवू नका.) डॉल्बी बी हलका ट्रेबल दिसला की तो हिस (टेपची खरखर) समजून खाली दाबतो. टेपवरून ट्रेबल मुळातच कमी आला, तर तो गरजेपेक्षा जास्त दाबतो. डॉल्बीचा दोष नाही.

अर्धा_मायक्रॉन
इक्यूनंतरही दबलेलं राहिलं तर ॲझिमथ. टेपचा वेग सेकंदाला ४.७६ सेंमी, म्हणून १० किलोहर्ट्झची एक लहर टेपवर फक्त ४.७६ मायक्रॉन लांब. ट्रॅक ०.६ मिमी रुंद. रेकॉर्डिंगच्या हेडच्या तुलनेत तुमचं हेड पाव अंश कललं, तरी १० किलोहर्ट्झला सुमारे ५ डेसिबल गेले. स्वतःचं रेकॉर्डिंग स्वच्छ वाजतं यावरून एवढंच कळतं, की तुमची रेकॉर्ड आणि प्ले ही दोन हेड एकमेकांशी जुळलेली आहेत. दोन्ही सारखीच कललेली असू शकतात.

चाचणी सोपी आहे. दोन्ही चॅनेल मिसळून मोनो ऐका. स्टिरिओपेक्षा मोनोत आवाज जास्त दबला, तर ॲझिमथ चुकलंय. मग प्ले हेडच्या स्क्रूवर नेलपॉलिशची खूण करा आणि चुंबकत्व नसलेल्या पेचकसाने स्क्रू एका वेळी फेऱ्याच्या आठव्या भागापेक्षाही कमी फिरवा. मोनोत झांजा सर्वांत लखलखीत येतील तिथे थांबा, कॅसेट झाली की खुणेवर परत या. नाहीतर रेकॉर्ड हेडशी जुळणी बिघडेल. प्रत्येक कॅसेटला हे वेगळं करावं लागतं. हाच खटाटोप नाकामिचीच्याच १९८२ च्या ड्रॅगन डेकमध्ये यंत्रच आपोआप करायचं.

पिंच_रोलर
क्रम उलटा हवा. आधी टेपची चाल, मग ॲझिमथ. पिंच रोलर (टेपला कॅप्स्टन या फिरत्या धातूच्या दांडीवर दाबणारं रबरी चाक) झिजलेला असेल तर टेप वरखाली सरकते आणि ॲझिमथ वाजता वाजता बदलतं. स्क्रू कितीही फिरवा.

तुमचा 'सेकंदाला एकदा' पिंच रोलरकडे बोट दाखवतो. रोलर १३ मिमीचा धरला तर तो सेकंदाला १.२ फेरे घेतो. कॅप्स्टन अडीच मिमीचा असेल तर सहा फेरे, आणि रीळ एका फेऱ्याला दीड ते तीन सेकंद. कॅप्स्टनचं केंद्र एक मायक्रॉन सरकलं तरी वेग ०.०८ टक्के वरखाली होतो, म्हणून त्यावर चिकटलेला टेपचा तपकिरी थरही लहान नाही. तो ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा. रबराला मात्र ते वारंवार लावू नका, कडक होतं. सँडपेपर तर नकोच, गोलाई जाते. या डेकला दोन रोलर आहेत, दोन्ही एकदमच बदला.

खात्री करायची तर ३१५० हर्ट्झची टेस्ट टेप कॉम्प्युटरवर घेऊन स्पेक्ट्रम बघा. मधल्या शिखराच्या दोन्ही बाजूंना १.२ हर्ट्झवर छोटी शिखरं दिसली तर रोलर, सहावर दिसली तर कॅप्स्टन. स्वतः भरलेला टोन यासाठी चालणार नाही, भरतानाचं हलणं त्यात मिसळतं.

खर्जप्रेमी
टेस्ट टेपवर १.२ लाच शिखरं आहेत. सहाला काही नाही.

पिंच_रोलर
मग कॅप्स्टन सोडा. नवीन रोलर घेताना व्यासाबरोबर आतल्या बुशचं (ज्यावर रोलर फिरतो त्या नळीचं) भोकही मोजून घ्या, सैल बुश असेल तर नवीन रबरही तसंच हलेल.