हेन्री पार्क्स: दिवाळं निघालेला दुकानदार 5 वेळा न्यू साउथ वेल्सचा प्रीमियर (मुख्यमंत्री) कसा?

कांदेपोहे_सिडनी: ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या (तेव्हा ब्रिटिश वसाहत, आता राज्य) पार्क्स गावची रेडिओ दुर्बीण बघून आलो (अपोलो 11च्या चांद्रमोहिमेची चित्रं पकडणारी). गाव हेन्री पार्क्सच्या नावाचं आणि मेन रोड बायकोच्या नावाचा, क्लॅरिंडा स्ट्रीट. मग वाचत बसलो. गडी हस्तिदंताचा कातारी, बर्मिंगहॅमला धंदा बसला, 1839ला सरकारी मदतीवर जहाजात बसून सिडनीला, पोरगी वाटेत समुद्रावरच जन्मली. आधी शेतावर मजुरी, मग कस्टम्समध्ये नोकरी, मग हंटर स्ट्रीटला खेळणी नि हस्तिदंती वस्तूंचं दुकान. 1850ला ‘एम्पायर’ पेपर काढला, तो 1858ला 50,000 पौंडांच्या कर्जात बुडाला. पुढे अजून दोनदा दिवाळं. तरी लोक निवडून द्यायचे?? आपल्याकडे शेजारी उधार साखर देणार नाहीत.

जुना_पापी: अरे तेव्हा आमदारांना पगारच नव्हता, तो 1889ला सुरू झाला. जमीनदारांना काय फरक पडतो, पण याच्यासारख्याने खायचं काय? मंत्री असला की पगार, सरकार पडलं की परत उधारी. 1861ला वर्षाला 1000 पौंडांवर इंग्लंडला भाषणं द्यायला गेला, लोकांनो वसाहतीत या म्हणून, आणि बायकापोरं इकडे शेतावर ओढाताण करत बसली. आणि मतदार कोण, तर 1858 पासून सगळे प्रौढ पुरुष, म्हणजे याच्यासारखेच बोटीतून आलेले. त्यांना दिवाळ्याचं काय कौतुक!

मीठभाकर: कौतुक जरा बेतानं हं. सोन्याच्या खाणींमुळे कामगार मिळेनात तेव्हा याच पार्क्सनी एम्पायरसाठी मद्रासहून अँग्लो-इंडियन कंपोझिटर (छपाईचे खिळे जुळवणारे) आणवले. आणि 1888ला प्रीमियर असताना येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर 100 पौंड कर! स्वतः फुकटात आलेला ना हा?

जुना_पापी: मान्य, ते काळंच आहे. पण 1866चा पब्लिक स्कूल्स ॲक्ट (सरकारी शाळांचा कायदा) त्याचाच, आणि 1889चं टेंटरफील्ड गावातलं भाषण नसतं तर सगळ्या वसाहती एकत्र यायला अजून किती वर्षं गेली असती देव जाणे. 1901ला फेडरेशन झालं (वसाहती मिळून ऑस्ट्रेलिया हा एक देश), हा 1896लाच गेला.

कांदेपोहे_सिडनी: ओके, पगाराचा मुद्दा पटला. पण 1895ला, 80व्या वर्षी तिसरं लग्न केलं, तेही घरातल्याच स्वयंपाकिणीशी, हे कुणीच कसं सांगितलं नाही मला 😄

मीठभाकर: दुसरी बायको त्याच वर्षी गेली होती. हिशेब तुम्हीच लावा.