टीना फेचं ‘बॉसीपँट्स’ मराठीत वाचायचंय, पण विनोद पडतायत

बाळीवेस_कट्टा:
सोलापुरात महिलांच्या वाचनकट्ट्यावर २० मिनिटांचं अभिवाचन आहे. पुस्तक टीना फे या अमेरिकी विनोदी लेखिका-अभिनेत्रीचं आत्मकथन, ‘बॉसीपँट्स’ (२०११). मनात वाचताना हसू आवरत नाही, मराठीत मोठ्यानं वाचलं की सपाट. उतारे कुठले घ्यावेत?

अनुवादकी:
ताई, दोष बहुतेक क्रियापदाचा. इंग्रजीत हशाचा शब्द वाक्याच्या टोकाला बसतो, मराठीत त्याच्यामागून ‘होता, दिलं, आली’ येतं आणि हसणारा अडकतो. ‘थोरलीला पैठणी दिली, मधलीला इरकल दिली आणि मला चादर दिली’ असं वाचून बघा. आता ‘थोरलीला पैठणी, मधलीला इरकल, मला चादर.’ क्रियापद गाळा, नाहीतर आधीच उरकून घ्या. आणि ‘चादर’नंतर दोन सेकंद गप्प. पुढचं वाक्य घाईनं सुरू केलं तर लोक हसू गिळतात, आणि एकदा गिळलं की पुढचे दोन विनोदही गेले.

मजकूर १८०० शब्दांच्या वर नको. मिनिटाला ११० शब्दांनी सोळा-साडेसोळा मिनिटं होतात, बाकीची हशाला ठेवा.

पडद्यामागे:
उतारे निवडताना वडिलांवरचा घ्या. तसा धाक ठेवणारा बाप आपल्याकडं गल्लोगल्ली आहे, काही समजवावं लागत नाही. मधुचंद्राच्या बोटीला आग लागते तोही आपल्यापुरता पूर्ण आहे.

‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’चा, म्हणजे फे जिथं काम करायची त्या न्यूयॉर्कहून थेट दाखवल्या जाणाऱ्या विनोदी टीव्ही कार्यक्रमाचा, भाग घेणार असाल तर त्या आठवड्याचं वेळापत्रक आधी सांगा, विनोद झाल्यावर नको. सोमवारी कल्पना मांडायच्या, मंगळवारी रात्रभर लिहायचं, बुधवारी चाळीसेक प्रहसनं टेबलाभोवती मोठ्यानं वाचायची. त्यातली बरीचशी तिथंच गळतात. शनिवारी रात्री ८ ला प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम, पुन्हा कापाकापी, आणि ११.३० ला थेट प्रक्षेपण. (तेव्हा सोलापुरात रविवारचे सकाळचे ९ वाजलेले असतात, तिकडच्या थंडीत १०.) फे तिथं १९९७ ला लेखिका म्हणून गेली आणि १९९९ ला मुख्य लेखिका झाली, त्या पदावरची पहिली बाई. एवढं कानावर असलं की लेखकांच्या खोलीतले टोमणे आपोआप लागतात.

शेंगाचटणी:
त्या कार्यक्रमात फे जिची नक्कल करायची त्या सॅरा पेलिनच्या जागी इथली एखादी पुढारीण घातली तर चालेल की!

अनुवादकी:
नाही चालणार. २००८ च्या अमेरिकी निवडणुकीत पेलिन उपाध्यक्षपदाची उमेदवार होती, आणि फे चष्मा-केसांसकट हुबेहूब तिच्यासारखी दिसायची. गंमत त्या दिसण्यात आहे. नाव बदललं की ती जाते, वर कट्ट्यावर राजकारण सुरू होतं. दोघींचे फोटो शेजारी ठेवून आधी फिरवा, किंवा प्रकरणच सोडा. मी सोडेन.

बोली मात्र बिनधास्त सोलापुरी ठेवा, फक्त बापाच्या तोंडी. निवेदनातही ‘की’ आणि ‘बे’ आले तर फे हरवते.

पडद्यामागे:
ऑडिओबुक खुद्द फेनंच वाचलंय, तेही ऐका. शब्दांपेक्षा ती कुठं थांबते, कुठं आवाज मुद्दाम रुक्ष ठेवते, ते टिपा. स्वतः हसत वाचू नका.

भाषांतराला हक्कधारकांची परवानगी लागते, तेव्हा प्रकाशकाला आधी लिहा. झेरॉक्स वाटू नका.

बाळीवेस_कट्टा:
म्हणजे वडील आणि बोट. पेलिन बाद. क्रियापदं आज रात्रीच खोडते.